चिठ्ठीवर नसलेले नाव : झुलू सोट्यांचा इतिहास

युरोपातील जुन्या वस्तुसंग्रहालयांत आफ्रिकेच्या दालनात एक वस्तू हमखास आढळते. हातभर ते दोन हात लांबीची, काळसर, गुळगुळीत लाकडाची काठी. तिच्या एका टोकाला लहान चेंडूएवढे गोल डोके. क्वचित दांड्यावर पितळेच्या व तांब्याच्या तारेची घट्ट वीण. शेजारच्या चिठ्ठीवर एवढाच मजकूर असतो : 'सोटा. लाकूड. झुलू, नाताळ. एकोणिसावे शतक.' पुष्कळदा त्याखाली देणगीदाराचेही नाव असते. ज्याने ती वस्तू घडविली त्याचे नाव तेथे नसते. ज्याने ती आयुष्यभर हातात वागविली त्याचेही नसते. एका वस्तूशी संबंध आलेल्या तीन माणसांपैकी जो सर्वांत शेवटी आला त्याचेच नाव टिकावे, ही गोष्ट सहज घडलेली नाही. तिला इतिहास आहे. तो सोटा घडे कसा, बाळगला जाई कशासाठी, आणि कोणत्या वाटांनी तो काचेच्या कपाटात गेला, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी नावांचा विचार करू. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे ख्रिस्तजन्माच्या सणासाठी रूढ आहे आणि तो पोर्तुगीजांकडून आला आहे. त्याच शब्दाने दक्षिण आफ्रिकेचा पूर्व किनारा ओळखला जातो, याचे कारण असे की कालिकतच्या शोधात निघालेला वास्को द गामा इ. स. १४९७ च्या नाताळात त्या किनाऱ्यावरून गेला. त्याच्या उत्तरेस, तुगेला नदीपलीकडे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाकाने झुलूंचे राज्य उभे केले. झुलू भाषेत डोके असलेल्या सोट्यास 'इविसा' म्हणतात. फेकून मारण्याच्या हलक्या प्रकारास 'इसागिला'. आणि साध्या काठीस 'इंदुकू'. इंग्रजीत रूढ झालेला 'नॉबकेरी' हा शब्द झुलू नव्हेच. डच वसाहतवाल्यांचा 'नॉप', म्हणजे गाठ किंवा गोळा, आणि खोई लोकांचा 'किरी', म्हणजे काठी, यांचा तो जोडशब्द आहे. मराठीत त्याला 'गदा' म्हणावे तर डोळ्यांसमोर भीम आणि मारुती उभे राहतात, आणि 'दंडुका' म्हणावे तर शिपाई. 'सोटा' हाच शब्द त्यातल्या त्यात जवळचा. शिंदे-होळकर-गायकवाडांच्या दरबारांची आठवण ज्या घराण्यांत आहे, त्यांना चोपदाराची चांदीने मढविलेली काठीही आठवेल. 'चोब' म्हणजे मुळात लाकूड. लाकडावर धातू चढला की ते साधन न राहता अधिकाराचे चिन्ह होते, हा अनुभव अनेक समाजांचा आहे. झुलूंचाही आहे.

झुलू पुरुषाच्या जीवनात काठीचा प्रवेश बालपणीच होई. गुरे राखणारी मुले माळावर काठ्यांनी खेळत, आणि त्या खेळातूनच पुढचे शिक्षण सुरू होई. काठीच्या द्वंद्वात एका हातात वार करण्याची काठी, दुसऱ्या हातात वार अडविण्याची लांब काठी 'उभोको' आणि त्याच हाताशी लहान ढाल असा सरंजाम असे. या द्वंद्वाला नियम होते, पंच होते, आणि लग्नसमारंभात त्याला मानाचे स्थान होते. आपल्याकडील आखाड्यांतील लाठीकाठीशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण आपल्याकडे ती तालमीत जाऊन शिकण्याची विद्या झाली, तर तेथे ती प्रत्येक गुराख्याची विद्या होती. इसागिलाचा उपयोग पाखरे आणि लहान सावज टिपण्यासाठीही होई. युद्धात भाला हे मुख्य शस्त्र असे, सोटा दुय्यम. मात्र राजाज्ञेने होणाऱ्या देहदंडात सोट्याचे काम मोठे होते. इ. स. १८३८ च्या फेब्रुवारीत डिंगाने राजाने बोअर पुढारी पीट रिटीफ आणि त्याचे सोबती यांना आपल्या राजधानीशेजारच्या टेकडीवर नेऊन ठार करविले, ते सोट्यांनीच. म्हणजे ज्या हातात सोटा, त्या हातामागे राजसत्ता, ही भावना त्या समाजात पक्की होती.

संग्राहक ज्यास 'समारंभाचा सोटा' म्हणतात, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. झुलू समाजात युद्धाचा सोटा निराळा आणि समारंभाचा निराळा अशी काटेकोर विभागणी नव्हती. नाचाच्या वेळी, लग्नाच्या मिरवणुकीत, सरदाराच्या भेटीस जाताना माणूस काठी घेऊनच जाई. रिकाम्या हाताने जाणे शोभत नसे. नाचात पाय जमिनीवर आपटण्याच्या तालाबरोबर शेकडो काठ्या एकदम उंचावत. इ. स. १८४७ मध्ये नाताळ व झुलूलँडचा प्रवास करून जॉर्ज फ्रेंच अँगस या चित्रकाराने जी चित्रे केली आणि १८४९ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत पूर्ण वेषातील झुलू पुरुष काठ्या व ढाली घेऊन उभे दिसतात. अशा प्रसंगांसाठी माणूस आपली सर्वांत चांगली काठी बाहेर काढी. ती नाजूक असे, अधिक घोटलेली असे, तिच्यावर तारेची वीण असे. मारण्यासाठी ती निरुपयोगी होती असे मात्र नव्हे. वस्तू तीच, प्रसंग वेगळा. म्हणून 'समारंभाचा' हा शब्द वस्तूच्या जातीचा वाचक मानण्यापेक्षा तिच्या मानाचा वाचक मानणे अधिक योग्य.

आता कारागिरीकडे वळू. कारण नाव पुसले गेले तरी हाताची खूण वस्तूवर राहते, आणि घडविणाऱ्याविषयीचा एवढाच पुरावा आज आपल्याजवळ आहे.

चांगला सोटा एकसंध लाकडाचा असतो. डोके वेगळे करून दांड्यात बसविलेले नसते. त्यासाठी एक तर जेथे खोड मुळाला मिळते तेथील गाठीचा फुगवटा डोक्यासाठी धरतात, किंवा सरळ जाड ओंडका घेऊन डोक्याखालचे लाकूड तासून काढतात. दुसऱ्या पद्धतीत बहुतेक लाकूड छिलक्यांतच जाते. एवढा खटाटोप कशासाठी, तर लाकडाचे तंतू डोक्यापासून मुठीपर्यंत अखंड राहावेत म्हणून. जोडकामाचे डोके एखाद्या जोरदार आघाताने निखळेल. तंतू अखंड असलेले निखळत नाही. डोके आणि दांडा यांच्या संधीकडे पाहून कारागिराची परीक्षा होते. कच्च्या हाताचा सोटा तेथे एकदम अरुंद होतो, मानेसारखा. कसलेल्या हाताच्या सोट्यात डोके हळूहळू निमुळते होत दांड्यात विरते.

लाकूड निवडण्यातही जाण लागे. नाताळच्या किनारी रानांत 'उमझिम्बिती' नावाचा वृक्ष होतो. त्याचा गाभा गडद आणि वजनदार, तर गाभ्याबाहेरचे लाकूड फिकट पिवळसर. एकाच काठीत दोन रंग मिळत असल्यामुळे काठीभोवती वेटोळे घातलेला साप कोरायचा तर साप एका रंगाचा आणि दांडा दुसऱ्या रंगाचा करता येई. रंग देण्याची गरज नसे. रानटी ऑलिव्ह आणि 'तांबोटी' यांसारखी जड, चिवट लाकडेही वापरात होती. तोडलेले लाकूड सावकाश सुकवावे लागे, कारण घाई केली तर डोक्याला भेगा पडत. वाकलेली काठी विस्तवावर शेकून, दाब देऊन सरळ केली जाई. हत्यारे मोजकीच : वाकस, सुरी, कधी भाल्याचे पाते. शेवटी दगडाने किंवा, काच मिळू लागल्यावर, फुटक्या काचेच्या धारेने पृष्ठ तासून गुळगुळीत करीत आणि चरबी चोळून झिलई आणीत. काही भाग तापलेल्या लोखंडाने जाळून काळा करीत, म्हणजे काळ्या-तांबूस रंगांची विभागणी साधे. काही डोक्यांवर उठावाचे लहान लहान गोळे कोरलेले दिसतात. चामखिळीसारखे दिसतात म्हणून त्यांना 'अमासुम्पा' म्हणतात. मांस वाढण्याच्या लाकडी ताटांवर, उशाखाली घ्यायच्या लाकडी पीठिकांवर आणि बिअरच्या मातीच्या मडक्यांवरही हेच नक्षीकाम येते. राजघराणे आणि गोधन यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासक जोडतात. काही डोक्यांवर परदेशी पितळी खिळे ठोकलेले असतात. त्यांच्या घुमटाकार माथ्यांनी तोच परिणाम साधला आहे.

तारेचे काम हा स्वतंत्र हुन्नर आहे. पितळ, तांबे आणि लोखंड यांच्या बारीक तारा दांड्याभोवती नुसत्या गुंडाळलेल्या नसतात. टोपली विणावी तशा त्या एकमेकींवरून-खालून घालून विणलेल्या असतात, आणि पिवळ्या-लाल-करड्या रंगांच्या आडव्या पट्ट्या, चौकडी किंवा नागमोडी रेघा उमटतात. सर्व टोके लाकडात वा विणीखाली दडवलेली. हात फिरविला तर कोठेही टोचत नाही. अशी वीण दांड्याला बळकटी देते आणि पकड सुधारते हे खरे. पण मूळ हेतू ऐश्वर्य दाखविण्याचा. पितळ त्या भूमीत होत नव्हते. ते समुद्रावरून येई, म्हणून ज्याच्या अंगावर पितळ तो राजाच्या कृपेतला. डिंगानेच्या दरबारी मानकऱ्यांना हाताभोवती घालावयाची जड पितळी कडी राजाकडून मिळत.

हे पितळ कोठून येई, या प्रश्नाचे उत्तर आपल्या गोमंतकीय वाचकांना जिव्हाळ्याचे वाटेल. झुलू प्रदेशाच्या उत्तरेस डेलागोआ उपसागर आहे. आजचे मापुतो शहर त्याच्या काठी वसले आहे. या नावात 'गोवा' ऐकू येतो म्हणून 'गोव्याहून परतीचे बंदर' अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. ती चुकीची आहे. मूळ पोर्तुगीज शब्द 'लागोआ', म्हणजे सरोवर. पण नावात नसला तरी इतिहासात गोवा आहे. इ. स. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. पुढे १७७७ मध्ये विल्यम बोल्ट्स याने ऑस्ट्रियाच्या निशाणाखाली डेलागोआ येथे ठाणे घातले आणि तेथील हस्तिदंत हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठवू लागला, तेव्हा १७८१ मध्ये त्याला हुसकून लावण्यासाठी जे लष्कर गेले ते गोव्याहूनच. या बंदरातून आतल्या मुलखात मणी, कापड आणि पितळ जाई, व बाहेर हस्तिदंत येई. पुढे १८२४ पासून इंग्रज व्यापाऱ्यांनी नाताळच्या बंदरात, म्हणजे आजच्या डरबनला, बस्तान बसविले आणि तार तिकडूनही येऊ लागली. एखाद्या सोट्यावरची वीण पाहताना ती झुलूंची 'शुद्ध' कला आहे असे समजण्यात म्हणूनच चूक होते. तिच्यात हिंदी महासागराचा व्यापार आहे.

संग्रहाच्या इतिहासाचा पहिला अध्याय युद्धाचा आहे. १८७९ च्या जानेवारीत इंग्रजांनी झुलूलँडवर स्वारी केली. २२ जानेवारी रोजी इसान्दलवाना येथे सुमारे वीस हजार झुलूंनी इंग्रजांच्या तळावर चालून जाऊन तेराशेहून अधिक लोक कापून काढले. ही बातमी लंडनला पोहोचली तेव्हा तेथे प्रथम धक्का बसला, मग सुडाची मागणी झाली, आणि तिच्यासोबत झुलूंविषयी एक प्रकारचे धास्तीयुक्त कौतुकही निर्माण झाले. ४ जुलै रोजी उलुंदीची लढाई इंग्रजांनी जिंकली, सेटेवायो राजाची राजधानी जाळली, आणि सैनिकांनी रणभूमीवरून ढाली, भाले, सोटे उचलून आणले. मेलेल्या माणसाच्या हातातून घेतलेल्या वस्तूबरोबर त्याचे नाव येण्याची शक्यताच नव्हती. तिच्याबरोबर आले ते लढाईचे नाव. यामुळे एक विलक्षण परिणाम झाला : सोटा कोणाचा, या प्रश्नाऐवजी तो कोणत्या रणांगणावरचा, हा प्रश्न मोलाचा ठरला. आजही लिलावात 'इसान्दलवाना' हा शब्द जोडलेल्या वस्तूची किंमत वाढते, आणि म्हणूनच तो शब्द पुराव्याशिवाय कितीतरी वस्तूंना जोडला जातो.

दुसरा रक्तरंजित प्रसंग १९०६ चा. माणशी एक पौंड डोईपट्टी बसविल्यावर नाताळमध्ये बम्बाथा या सरदाराच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि तोफा व मशिनगनांपुढे सुमारे तीन ते चार हजार झुलू मारले गेले. या वेळी गांधीजींनी हिंदी लोकांचे छोटे शुश्रूषापथक उभारले होते. त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने आले ते फटक्यांनी सोललेले झुलू. त्यांच्या जखमा धुण्यास गोरे लोक तयार नव्हते. ज्या माणसांच्या काठ्या तोपर्यंत इंग्लंडातील दिवाणखान्यांच्या भिंतींवर शोभेसाठी टांगल्या गेल्या होत्या, त्यांच्या पाठी आपल्या देशबांधवांनी हाताळल्या. सोट्यांच्या इतिहासात ही नोंद कोठे येत नाही. पण यायला हवी.

दुसरा अध्याय शास्त्राचा. ऑगस्टस लेन फॉक्स, जो पुढे पिट रिव्हर्स या नावाने प्रसिद्धीस आला, हा लष्करी अधिकारी बंदुकांच्या सुधारणेचा अभ्यास करता करता शस्त्रांच्या संग्रहाकडे वळला. १८६७ ते १८६९ या काळात त्याने आदिम युद्धकलेवर व्याख्याने दिली, आणि १८७५ मध्ये एक प्रसिद्ध आकृती मांडली. तिच्या मध्यभागी साधी काठी आणि तिच्यापासून चहूबाजूंना फुटणाऱ्या शाखांवर सोटे, बूमरँग, भाले, ढाली. ती ऑस्ट्रेलियन शस्त्रांची होती, पण विचार सर्व जगाला लावलेला होता : जीवजातींप्रमाणे वस्तूही अल्पशा बदलांनी उत्क्रांत होतात. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा त्याचा संग्रह १८८४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेला आणि तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय झाले. या माणसाचे ऋण मान्य केले पाहिजे. राजाचे सिंहासन गोळा करणाऱ्यांच्या काळात त्याने गुराख्याची काठी गोळा केली. पण त्याच्या मांडणीत सोटा हा कोणा माणसाचा राहिला नाही. तो एका पायरीचा नमुना झाला. पायरीला नाव कशाला हवे? जुन्या चिठ्ठ्यांवर तर 'झुलू' हेही नाव पुष्कळदा नसे. 'काफिर सोटा' एवढेच लिहीत. अरबीतून आलेला हा शब्द आज दक्षिण आफ्रिकेत घोर अपशब्द मानला जातो.

तिसरा अध्याय बाजाराचा. १८४३ पासून नाताळ ही इंग्रजांची वसाहत होती. १८८७ मध्ये झुलूलँडही खालसा झाले आणि १८९७ मध्ये नाताळला जोडले गेले. रस्ते, रेल्वे, छावण्या वाढल्या. गोऱ्या सैनिकांना, अधिकाऱ्यांना आणि प्रवाशांना स्मृतिचिन्हे हवी होती. ती पुरविणारे कारागीर पुढे आले. येथे कलेतिहासकार सँड्रा क्लॉपर यांच्या संशोधनाने मोठा गैरसमज दूर केला. मानवाकृती व प्राण्यांची शिल्पे असलेल्या ज्या सुंदर काठ्या अनेक वर्षे 'झुलू राजचिन्हे' म्हणून विकल्या गेल्या, त्यांपैकी पुष्कळशा मोझांबिकच्या बाजूने नाताळमध्ये आलेल्या त्सोंगा कारागिरांनी, बऱ्याच अंशी युरोपीय गिऱ्हाइकांसाठी केलेल्या आहेत. त्या कारागिरांपैकी एकाचा हात इतका ओळखू येतो की अभ्यासकांनी त्याला 'बबून-उस्ताद' असे नाव दिले आहे, कारण काठीच्या माथ्यावर बसविलेला बबून वानर ही त्याची आवडती आकृती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी तो नाताळमध्ये काम करीत होता. त्याच्या काठ्या आज जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवल्या आहेत. खरे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभे होते, हातात पैसे होते, तोंडाने विचारता आले असते. रणांगणावर नाव विचारता आले नाही हे समजू शकते. दुकानात का विचारले नाही?

बाजारासाठी केले म्हणून काम हलके ठरत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. संग्राहक 'अस्सल' म्हणतात ते स्वतःच्या वापरासाठी केलेल्या वस्तूस, आणि विक्रीसाठी केलेल्या वस्तूस दुय्यम मानतात. पण जेव्हा राजा पराभूत होतो, गुरे साथीने मरतात आणि डोईपट्टी रोकड पैशात भरावी लागते, तेव्हा कारागीर आपले कौशल्य ज्याच्याकडे पैसा आहे त्याला विकणार हे स्वाभाविक आहे. त्या काठ्यांत त्या काळाचा खरा इतिहास आहे.

विसाव्या शतकात याहून वेगळ्या वृत्तीचे संग्राहकही झाले. डरबनच्या किली कॅम्पबेल (१८८१–१९६५) यांनी आपल्या घरात पुस्तके, हस्तलिखिते आणि झुलू वस्तू यांचा मोठा साठा जमविला. बार्बरा टायरेल या चित्रकर्तीने खेडोपाडी जाऊन काढलेली वेषभूषेची चित्रेही त्यात आली. हा सर्व संग्रह त्यांनी नाताळ विद्यापीठाला दिला. वस्तू ज्या मातीतली त्या मातीतच ठेवण्याचे मोल त्यांनी ओळखले. उलट दिशेने गेलेल्या वस्तू परत आणण्याचेही प्रयत्न झाले. जोनाथन लोवेन यांनी इंग्लंडमध्ये जमविलेला दक्षिण आफ्रिकी कलावस्तूंचा संग्रह १९८० च्या दशकात हॅरी ओपेनहायमर यांनी विकत घेऊन जोहान्सबर्ग आर्ट गॅलरीत ठेवविला, आणि १९९१ मध्ये त्याचे प्रदर्शन भरले. त्या प्रदर्शनाचे इंग्रजी शीर्षक 'आर्ट अँड अँबिग्युइटी', म्हणजे कला आणि संदिग्धता, असे होते. वस्तूंच्या पूर्वेतिहासाविषयी किती थोडे ठाऊक आहे याची ती कबुलीच होती. तोपर्यंत मानववंशशास्त्राच्या कपाटात असलेला सोटा या काळात कलादालनात आला आणि त्याची किंमत वाढली.

किंमत वाढली की नकला येतात. जाणकार संग्राहक म्हणून काही गोष्टी बारकाईने पाहतो. वर्षानुवर्षे हाताळलेल्या सोट्याची झिलई सर्वत्र सारखी नसते. मुठीच्या जागी ती खोल, डोक्याच्या खालच्या बाजूस मंद. जमिनीला टेकणारे टोक झिजलेले, किंचित ठेचाळलेले असते. जुन्या लाकडाच्या भेगांच्या कडा बोथट झालेल्या असतात, नव्या भेगांच्या धारदार. बुटाचे पॉलिश किंवा व्हार्निश लावून आणलेला काळेपणा खाचाखोचांत साचतो आणि उंचवट्यांवर टिकत नाही; वापराने आलेली चकाकी नेमकी उलट वागते. तारेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. हाताने ओढलेली तार जाडीला असमान असते आणि ती जुनेपणाची खूण मानतात; परंतु यंत्राने ओढलेली सुबक तार एकोणिसाव्या शतकातही आयात होत होती, म्हणून एकसारखी तार म्हणजे नवी वस्तू असा निष्कर्ष निघत नाही. 'झुलू' या शिक्क्याचीही परीक्षा हवी. स्वाझी, त्सोंगा, सोथो, खोसा हे सर्व शेजारी अशाच काठ्या करीत आणि बाळगीत. नावाला बाजारभाव असल्यामुळे त्या सर्वांना 'झुलू' करून टाकले गेले. गेंड्याच्या शिंगाचे सोटे हा आणखी निराळा प्रश्न आहे. सरदारांच्या हातातील ती दुर्मिळ वस्तू. पण १९७७ पासून सर्व गेंडे आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत आले आणि असे सोटे विकणे-नेणे कडक नियमांखाली गेले. दक्षिण आफ्रिकेच्या १९९९ च्या वारसा कायद्यानेही संरक्षित वारसावस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेण्यास मनाई केली आहे.

हा हुन्नर मेला असे मात्र समजू नये. विसाव्या शतकात डरबनमध्ये रात्रीची राखण करणारे झुलू पहारेकरी वेळ घालविण्यासाठी टेलिफोनच्या टाकाऊ तारेचे रंगीत तुकडे आपल्या काठ्यांवर विणू लागले. पितळेच्या जागी प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली तार आली. वीण तीच राहिली. पुढे त्या विणीची झाकणे व टोपल्या झाल्या आणि आज त्या जगभर विकल्या जातात. या टोपल्यांवर पुष्कळदा विणणाऱ्याचे नाव असते. शंभर वर्षांपूर्वी जे घडले नाही ते येथे घडले, ही समाधानाची गोष्ट आहे.

सोट्याची दुसरी बाजू झाकून ठेवणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९० ते १९९४ या संक्रमणकाळात नाताळमध्ये आणि जोहान्सबर्गच्या परिसरात इन्काथा आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस यांच्या अनुयायांत भीषण हिंसाचार झाला. तेव्हा सभा-मिरवणुकांत सोटे, भाले बाळगणे हा आमचा सांस्कृतिक हक्क आहे, असे एका बाजूने सांगितले गेले, आणि ती खुनाची हत्यारे आहेत, असे दुसऱ्या बाजूने. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. काचेच्या कपाटात जी वस्तू केवळ रेखीव दिसते, ती रस्त्यावर माणसाचे डोके फोडू शकते, हे संग्राहकाने विसरू नये.

या वादावर नव्या राष्ट्राने जे उत्तर शोधले ते विचार करण्याजोगे आहे. २७ एप्रिल २००० रोजी दक्षिण आफ्रिकेने नवे राजचिन्ह स्वीकारले. त्यात भाला आणि सोटा आहेत. पण उभारलेले नव्हेत, आडवे ठेवलेले. त्यांचा अर्थ संरक्षण आणि अधिकार. आडवे ठेवण्याचा अर्थ शांतता. २००४ मध्ये त्यांच्या संसदेचा नवा राजदंड तयार झाला, त्याचा आकारही सोट्याची आठवण देणारा आहे. आपल्या विधिमंडळातील राजदंड वाचकांना परिचित आहे, निदान तो पळविल्याच्या बातम्यांमुळे तरी. जगातले सारे राजदंड मूळचे सोटेच. अन्य देशांनी ते विसरून टाकले आहे. दक्षिण आफ्रिकेने ते उघडपणे सांगितले.

शेवटी त्या चिठ्ठीकडे परत येऊ. इसान्दलवानाच्या माळावर किंवा उलुंदीच्या जळत्या घरांतून उचललेल्या सोट्यांच्या मालकांची नावे आता मिळणार नाहीत. बबून-उस्तादाचे नावही बहुधा मिळणार नाही. पण जे जमवितात त्यांना एक गोष्ट करता येते : वस्तू कोणाकडून घेतली, कोठे घेतली, त्याने काय सांगितले, हे त्याच दिवशी लिहून ठेवणे, आणि जे ठाऊक नाही त्या जागी लढाईचे नाव न लिहिता ती जागा कोरी सोडणे. हे केवळ झुलू सोट्यांच्या संग्राहकांना सांगण्यासारखे आहे असेही नाही. मूळ गाव सोडून पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिलेल्या आपल्या घराण्यांतूनही पणजोबांची तलवार, एखादी काठी, पेटीतले पागोटे जपून ठेवलेले असते. ती वस्तू कोणाची, कोणत्या प्रसंगाची, हे घरातल्या एखाद्या वृद्धालाच ठाऊक असते. त्यांना विचारून दोन ओळी आजच लिहून ठेवाव्यात. लाकूड आणि लोखंड आपोआप टिकते. नाव टिकत नाही, ते टिकवावे लागते.